टर्म विम्याचे प्रश्न माणूस जिवंत असताना विचारा : विमा नियामकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद,
आणि टर्म विमा विकणाऱ्या सर्व आयुर्विमा कंपन्यांचे प्रमुख,

सविनय नमस्कार.

तासगावच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शिष्यवृत्ती, पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅन, असलं काहीही घेऊन लोक येतात. मी विमा एजंट नाही, कुठल्या कंपनीचा प्रतिनिधी नाही, विम्यावर मला एक पैसा कमिशन मिळत नाही. फॉर्म भरायचे पन्नास रुपये घेतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं पत्र एजंटांची बाजू घेऊन लिहिलेलं नाही आणि ऑनलाइनवाल्यांचीही नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. निर्णय चांगलाच आहे. त्यानंतर दुकानात टर्मची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम देणाऱ्या विम्याची, चौकशी एकदम वाढली. द्राक्षबागायतदार येतात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला असलेली पोरं येतात, टेम्पोवाले, शिक्षक येतात. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "ऑनलाइन घेऊ का एजंटकडनं?" पूर्वी मी बेधडक सांगायचो, ऑनलाइन घ्या, स्वस्त पडतं. आता तसं सांगायला जीभ रेटत नाही. गेल्या तीन वर्षांत माझ्या जवळची दोन माणसं गेली. एकाची टर्म पॉलिसी एजंटकडून घेतलेली होती, दुसऱ्याची ऑनलाइन. त्यानंतर त्यांच्या बायकांचं जे झालं ते बघून गप्प बसणं मला जमत नाही.

आधी चुलतभावाचं सांगतो. दोन एकर द्राक्षबाग, सोसायटीचं कर्ज, दोन लहान मुलं. "उद्या मला काही झालं तर कर्ज पोरांच्या डोक्यावर नको," म्हणून त्यानं 50 लाखांचा टर्म घ्यायचं ठरवलं. एजंट ओळखीतलाच. बागेतल्या शेडमध्ये खाटेवर बसून टॅबवर फॉर्म भरला गेला. मी तिथंच होतो. आरोग्याचे प्रश्न आले तेव्हा भाऊ स्वतःहून म्हणाला, "मला शुगरची गोळी चालू आहे, सकाळची एक." एजंट म्हणाला, "गोळी चालू आहे म्हणजे शुगर कंट्रोलमध्ये आहे. लिहिलं की मेडिकल लागतं, हप्ता वाढतो. सोडा ते." मोबाइलवर ओटीपी आला. भावानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. दहा मिनिटांत सगळं उरकलं, चहा झाला. मी ऐकलं होतं आणि बोललो नव्हतो. हे माझ्या मनातून जात नाही.

दोन वर्षं दोन महिन्यांनी, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत, भाऊ बागेतच कोसळला. हार्ट अटॅक. वहिनीनं क्लेम केला. कंपनीचा तपासनीस आला, गावातल्या मेडिकलवाल्याकडून आणि डॉक्टरांकडून कागद घेऊन गेला. मग दोन पानी इंग्रजी पत्र आलं: मधुमेह लपवून फसवणूक केली, म्हणून क्लेम नामंजूर. वहिनीनं ते पत्र माझ्याकडे वाचायला आणलं. "फसवणूक" हा शब्द मी तिला कसा सांगायचा? एजंट तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. विचारलं तर म्हणाला, मी असं काही बोललोच नव्हतो.

दुसरे माझे मेहुणे, धाकट्या बहिणीचे यजमान. पिंपरी-चिंचवडला कारखान्यात नोकरी. त्यांनी एका रात्री मोबाइलवर एक कोटीचा टर्म घेतला. सगळी माहिती खरी भरली, रक्त-लघवीची तपासणी झाली, पॉलिसी ईमेलवर आली. बहिणीला मात्र सांगितलं नाही. मरणाची भाषा घरात कशाला, असा त्यांचा स्वभाव. वर्षाच्या आत दुचाकीला अपघात होऊन ते गेले. फोन त्यांच्या बोटाच्या ठशावर उघडायचा. रिचार्ज संपला, सिम बंद पडलं. ईमेलचा पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. अकरा महिन्यांनी बँकेतलं खातं वारसांच्या नावावर करताना स्टेटमेंटमध्ये एक नोंद दिसली, अर्धवट अक्षरांची, विमा कंपनीची वाटणारी. तिथून शोध घेत घेत पॉलिसी सापडली. क्लेम केल्यावर कंपनीनं तीन आठवड्यांत पूर्ण पैसे दिले, कसलाही त्रास दिला नाही. हेही मी तितक्याच मोकळेपणानं सांगतो. पण त्या अकरा महिन्यांत बहिणीनं पाटल्या मोडल्या, मुलीची शाळा बदलली आणि भाड्याचं घर सोडून माहेरी आली. तिच्या नावावर एक कोटी होते आणि ते तिला सोडून सगळ्या यंत्रणेला माहीत होतं.

आणखी एक आठवण. 1996 साली वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे एजंटकाका सायकलवरून घरी आले. क्लेमचा फॉर्म सोबत आणला होता. आईच्या शेजारी बसून त्यांनी तो स्वतः भरला, तलाठ्याकडे माझ्याबरोबर आले आणि चेक येईपर्यंत तीनदा शाखेत जाऊन आले. रक्कम लहानच होती. पण त्या माणसाला आमचं घर ठाऊक होतं, आणि त्याच्या शब्दाची जबाबदारी तो घेत होता.

एजंट महाग का ऑनलाइन स्वस्त, हा वाद पेपरात आणि मोबाइलवर रोज चालतो. कंपनीच्या साइटवरून थेट घेतलं तर कमिशन वाचतं, म्हणून हप्ता सहसा कमी पडतो, हे खरं आहे. काही कंपन्या दोन वाटांसाठी योजनाच वेगळ्या ठेवतात. एलआयसीनं ऑगस्ट 2024 मध्ये एजंटमार्फत मिळणारी युवा टर्म आणि फक्त ऑनलाइन मिळणारी डिजि टर्म अशा दोन जोडयोजना आणल्या. ठीक आहे. पण टर्म ही अशी एकच वस्तू आहे की विकत घेणाऱ्याला ती कधीच वापरायची नसते. वापरायची वेळ येते तेव्हा घेणारा नसतो, आणि फॉर्म भरताना जी बाई त्या खोलीतसुद्धा नव्हती तिला त्यातल्या प्रत्येक खुणेचा जाब द्यावा लागतो. तिच्यासाठी दोन्ही वाटांवर जबाबदार माणूस कोणी नाही. माझ्या सगळ्या तक्रारी इथून निघतात.

पहिली तक्रार प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची. टर्म विम्यात सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे प्रस्तावाचा फॉर्म. तो इंग्रजीत असतो. काही साइटवर वरचं पान मराठी दिसतं, पण आरोग्याच्या प्रश्नांशी आलं की परत इंग्रजी. आणि भाषांतर झालं म्हणून प्रश्न कळतो असंही नाही. महिन्यापूर्वी बचत गटातली एक बाई आली होती. तंबाखूचा प्रश्न आला. मी विचारलं, "तंबाखू, सिगारेट, बिडी?" ती म्हणाली, "छे, शिवतसुद्धा नाही." मी "नाही" वर बोट ठेवणार, इतक्यात तिच्या हिरड्यांकडे लक्ष गेलं. विचारलं, "मावशी, मिसरी?" म्हणाली, "ती तर लहानपणापासून लावते." तिच्या लेखी मिसरी म्हणजे दात घासायची वस्तू. कंपनीच्या लेखी तो तंबाखू, आणि उद्या तिच्या मुलांच्या क्लेमवर तोच ठपका. आमच्या भागात मिसरी लावणाऱ्या बाया किती आहेत हे इथल्या कोणालाही विचारा. तुमच्या फॉर्मात तो शब्द कुठं आहे?

पूर्वी कागदी फॉर्मवर मराठीत सही किंवा अंगठा असेल तर समजावून सांगणाऱ्याचं एक वेगळं निवेदन असायचं: मजकूर यांच्या भाषेत वाचून दाखवला, यांना समजला. खाली त्या माणसाचं नाव आणि सही. आता तिथं एक चौकोन आहे, आधीच टिक केलेला नाहीतर घाईत टिक करायचा, आणि मग ओटीपी. जसल्या आकड्यांनी गॅसचं सिलिंडर मिळतं, तसल्याच आकड्यांनी माणूस आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा करार करतो. त्याला ती सही आहे असं वाटतच नाही. पॉलिसी आल्यावर 30 दिवसांत परत करायची किंवा उत्तरं दुरुस्त करायची सोय आहे, हे मला माहीत आहे. पण ती पीडीएफ कित्येक पानांची, इंग्रजी, पासवर्ड लावलेली असते. तुमच्या नियमांत महत्त्वाच्या माहितीचं पत्रक मागितल्यास स्थानिक भाषेत देण्याची तरतूद आहे. मागायचं असतं हे ज्याला ठाऊक नाही, तो मागणार कसं?

दुसरी तक्रार तपासणीची. "मेडिकल नको, पाच मिनिटांत पॉलिसी" अशा जाहिराती तुमच्या नजरेखालून जातात. मेडिकल नको, याचा अर्थ काय होतो ते मी आता शिकलो आहे. मेडिकल होतं, फक्त माणूस गेल्यावर होतं. जो तपासनीस भावाच्या मृत्यूनंतर गावातल्या मेडिकल दुकानात येऊ शकला, तो पॉलिसी देताना एकदा आला असता तर? साखरेची एक चाचणी काही शे रुपयांची. कंपनीला हप्ता वाढवायचा असता तर वाढवता आला असता, पॉलिसी नाकारायची असती तरी चाललं असतं. भाऊ दुसरी काहीतरी सोय करून गेला असता. दोन वर्षं हप्ते घेतले तेव्हा कंपनीला शुगरशी देणंघेणं नव्हतं. 50 लाखांची जोखीम कागदावरच्या एका खुणेवर घ्यायची आणि खरी छाननी क्लेमच्या दिवसासाठी राखून ठेवायची, ही व्यवहाराची रीत मला मान्य नाही.

तिसरी तक्रार एजंटच्या जबाबदारीची, आणि इथं मी कायद्याचंच बोट धरतो. 1938 च्या विमा कायद्यातलं कलम 45, 2015 च्या दुरुस्तीनंतरचं. पॉलिसी तीन वर्षं पूर्ण चालली की त्यानंतर कोणत्याही कारणानं तिच्यावर शंका घेता येत नाही. भावाला दहा महिने कमी पडले. त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की माहिती दडवलेली असली तरी ती कंपनीला आधीच माहीत होती असं सिद्ध झालं, तर फसवणुकीच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. आणि त्याखालच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की जो माणूस विम्यासाठी ग्राहकाला गळ घालतो, बोलणी करतो, तो करार होताना कंपनीचाच प्रतिनिधी मानला जाईल.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. भावानं शुगर एजंटला सांगितली होती. एजंट कंपनीचा माणूस. मग माहिती कंपनीला मिळाली नव्हती असं कसं म्हणता? पण त्याच कलमात आणखी एक ओळ आहे: फसवणुकीचा आरोप असेल आणि पॉलिसीधारक हयात नसेल, तर तो आरोप खोटा ठरवण्याची जबाबदारी वारसांवर. म्हणजे शेडमधल्या खाटेवर एजंट काय बोलला होता, हे माझ्या वहिनीनं सिद्ध करायचं. ती तेव्हा घरात भाकरी थापत होती. एजंटचा जबाब कंपनीनं घेतला का, घेतला असेल तर त्यात काय आहे, हे नामंजुरीच्या दोन पानांत कुठंच नाही. संसदेनं दिलेलं संरक्षण तिच्यापर्यंत पोचवणं तुमचं काम आहे, आणि तुम्ही ते एका विधवेच्या पुराव्यांवर सोडून दिलं आहे.

एजंट असं का वागतात, याचं कारण तुमच्यापासून लपलेलं नाही. कमिशन हप्त्याच्या टक्क्यांत मिळतं. टर्मचा हप्ता लहान, म्हणून आधी तो टर्म सांगतच नाही, मनीबॅक सांगतो, म्हणजे मधेमधे पैसे परत देणारा विमा. ग्राहक हट्टच धरून बसला तर झटपट उरकून मोकळा होतो. "पहिला हप्ता मी भरतो" असं सर्रास सांगितलं जातं, कलम 41 नुसार तो गुन्हा असताना. दोन वर्षांनी एजंट कंपनी बदलतो किंवा धंदा सोडतो आणि पॉलिसी पोरकी होते. हप्ता चुकतो, सवलतीचे दिवस निघून जातात, पॉलिसी बंद पडते. पुन्हा चालू केली की कलम 45 ची तीन वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजली जातात. ही गोष्ट पॉलिसी पुन्हा चालू करताना मी कोणाला सांगितलेली ऐकलेली नाही.

सगळे एजंट असे नाहीत. एजंटकाकांच्या जातीची माणसं आजही आहेत, तासगावातही आहेत, आणि मी लोकांना त्यांचे नंबर देतो. त्यांना आणि त्या टॅबवाल्याला तुमच्या नोंदीत काहीच फरक नाही, हीच माझी तक्रार आहे.

चौथी ऑनलाइनवाल्यांबद्दल. लोकांना वाटतं ऑनलाइन म्हणजे मधे कोणी नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ते खरं असेल. पण सात-आठ कंपन्यांचे हप्ते शेजारी शेजारी दाखवणारे जे मंच आहेत, ते तुमच्याच परवान्यावर चालणारे मध्यस्थ आहेत आणि त्यांनाही विक्रीचे पैसे मिळतात. नुसता हप्ता बघायचा तरी आधी मोबाइल नंबर द्यावा लागतो. मग दिवसाला दहा-बारा फोन, हिंदीत, दर वेळी वेगळा माणूस. तो माणूस तोंडी जे सांगतो तेही एजंटचंच बोलणं असतं, फक्त त्याचा चेहरा दिसत नाही आणि गाव माहीत नसतं. "हप्ते परत मिळणारा" प्लॅन आधी समोर येतो, जो साध्या टर्मपेक्षा कितीतरी महाग असतो. अपघाताचे, आजाराचे रायडर, म्हणजे जादा हप्त्याची जोड-संरक्षणं, आधीच निवडलेले असतात. "आजच घ्या, उद्या हप्ता वाढेल" असं लाल अक्षरांत चमकत असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेरा प्रकार नाव घेऊन सांगितले. त्यातलं एक उदाहरण विम्याचंच आहे: तिकीट काढताना विमा न घेणाऱ्याला "मी असुरक्षित राहीन" असं बटण दाबायला लावणं. उदाहरण तुमच्या घरातलं, आणि सूचना दुसऱ्यांनी काढली.

ऑनलाइन फॉर्ममधल्या एका चौकोनाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो आमच्या भागासाठी सोन्यासारखा आहे आणि त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. तिथं फक्त "एमडब्ल्यूपी कायदा: हो / नाही" एवढंच असतं. 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या कलम 6 नुसार नवऱ्यानं बायको-मुलांच्या लाभासाठी पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी होते, नवऱ्याच्या सावकारांना किंवा बँकेला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरासाठी याहून मोठी भिंत कोणती? पण हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, मागून जोडता येत नाही. बारा वर्षांत माझ्या दुकानात आलेल्या एकाही माणसाला एजंटनं किंवा फोनवाल्यानं तो चौकोन समजावून सांगितला नव्हता. मलाही तो भाऊ गेल्यानंतरच कळला.

पाचवी आकड्यांची. प्रत्येक जाहिरातीत 98 टक्के, 99 टक्के क्लेम दिल्याचं ठळक असतं. तुमच्या वार्षिक अहवालातले ते आकडे वैयक्तिक मृत्यू-दाव्यांचे सरसकट असतात. त्यात पंधरा-वीस वर्षं चाललेली एक लाखाची जुनी पॉलिसीही एक आणि दोन वर्षांचा 50 लाखांचा टर्मही एकच. जुन्या पॉलिसीवर वाद होण्याचं कारणच नसतं. ज्याला टर्म घ्यायचा आहे त्याला हवं असलेलं उत्तर वेगळं आहे: टर्मचे किती क्लेम दिले, पहिल्या तीन वर्षांतले किती नाकारले, एजंटकडच्या पॉलिसींचे किती, ऑनलाइनचे किती. ऑनलाइन घेऊ का एजंटकडून, या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा आकडा कंपन्यांकडे पडून आहे आणि तुम्ही तो मागून लोकांसमोर ठेवत नाही.

सहावी थोडक्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून शेतकरी रिटर्न भरत नाही. ऑनलाइन फॉर्म रिटर्न किंवा पगारदारांचा फॉर्म 16 मागतो आणि तिथंच अडतो. तहसीलदारांचा दाखला, साखर कारखान्याची बिलं, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या चढवायला जागाच नसते. घर आणि शेत दोन्ही ओढणाऱ्या बाईला नवऱ्याच्या विम्याच्या आधारानं थोडाफार विमा मिळतो, नाहीतर नाही. जानेवारी 2021 पासून तुम्ही सरल जीवन विमा सगळ्या कंपन्यांना सक्तीचा केलात, 5 ते 25 लाखांचा, शिक्षण-व्यवसायाची अट न घालता. उत्तम योजना. आजपर्यंत एकाही एजंटनं ती आमच्या गावात कोणाला सांगितल्याचं मला माहीत नाही, आणि साइटवर ती शोधून काढावी लागते.

आता माझ्या मागण्या. यातली एकही अशी नाही की जिच्यासाठी फार मोठा खर्च लागेल.

आरोग्याचे आणि व्यसनाचे सगळे प्रश्न संविधानात मान्य असलेल्या प्रत्येक भाषेत, त्या त्या भागातल्या बोलीच्या शब्दांसह विचारा. मिसरी, गुटखा, मावा, तपकीर ही नावं घेऊन विचारा. भरलेली उत्तरं, फक्त उत्तरांचं एक पान, ग्राहकाच्या भाषेत त्याच्या घरी पोस्टानं पाठवा, आणि त्यावर वाचून सही करून परत आल्याशिवाय पॉलिसी पक्की करू नका. मी दुकानात गेल्या वर्षापासून हेच करतो. उत्तरं मराठीत एका कागदावर लिहितो, नवरा-बायको दोघांना समोर बसवून वाचून दाखवतो, दोघांच्या सह्या घेतो आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगतो. अर्धा तास लागतो. पन्नास रुपयांत मला जमतं ते कंपन्यांना जमेल.

एका ठरावीक रकमेवरचा प्रत्येक टर्म तपासणी करूनच द्या, खर्च कंपनीचा. तपासणी न करता जोखीम घेतली असेल, तर रक्ताच्या साध्या चाचणीत जे दिसलं असतं त्या कारणावरून पुढे क्लेम नाकारायला बंदी करा.

प्रश्न ज्यानं विचारले त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापा, मग तो एजंट असो, बँकेतला कर्मचारी असो की फोनवरचा माणूस. फोनवरच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण पॉलिसी चालू असेपर्यंत जपा आणि वारसानं मागितलं की द्या. फसवणुकीच्या कारणावरून क्लेम नाकारताना विकणाऱ्याचा लेखी जबाब नामंजुरीच्या पत्राला जोडणं सक्तीचं करा. कलम 45 मधलं स्पष्टीकरण त्या पत्रात वारसाच्या भाषेत छापा.

पॉलिसी निघाली की नॉमिनीला कळवा, आणि दर वर्षी एकदा कळवा. ज्याला हे नको असेल त्यानं तसं लिहून द्यावं. कंपनीला नॉमिनीचं नाव आणि नातं माहीत असतं, मोबाइल नंबर फॉर्मवर घेता येतो. माझ्या बहिणीला एक एसएमएस गेला असता, तर एवढंच पुरलं असतं.

हप्ता बघायला मोबाइल नंबर मागायला बंदी करा. साधा टर्म आधी दाखवा, रायडर रिकामे ठेवा. 1874 च्या कायद्याचा चौकोन दोन सोप्या वाक्यांत समजावून सांगा आणि लग्न झालेल्या प्रत्येक पुरुषाला तो विचारल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ देऊ नका.

टर्मच्या क्लेमचे आकडे वेगळे काढा: विक्रीच्या वाटेनुसार, पॉलिसीच्या वयानुसार, रकमेनुसार आणि नाकारण्याच्या कारणानुसार. दर वर्षी मराठीतही छापा.

आणि क्लेमच्या वेळी बाईच्या शेजारी बसणारा एक माणूस तालुक्याच्या ठिकाणी द्या. तपासणी नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तर 45 दिवसांत क्लेमचा निर्णय, हा नियम तुम्ही केला आहे. पण बाई अडते ती कागद पूर्ण करताना. माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारावरचं स्पेलिंग, पोस्टमॉर्टेमचा अहवाल, यातच महिने जातात. गावोगावी बायकांमधून विमा वाहक नेमण्याची योजना तुमचीच आहे. त्यांना फक्त विकायला शिकवू नका, क्लेमचे कागद भरायलाही शिकवा, आणि त्या कामाचे पैसे द्या.

वहिनीची तक्रार पुण्याच्या विमा लोकपालांकडे दाखल आहे. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, हे तिला मी सांगितलं. कंपनीच्या नामंजुरीच्या पत्रात मला ते शेवटच्या पानाच्या बारीक अक्षरांत सापडलं. त्या प्रकरणाबद्दल या पत्रातून मी काही मागत नाही, त्याचा निकाल लोकपाल देतील. शेडमध्ये जे ऐकलं ते मी शपथेवर लिहून दिलं आहे.

2047 पर्यंत प्रत्येकाला विमा, असं तुमचं ध्येय आहे. माझ्या दुकानात रोज दोन-तीन माणसं त्यासाठी आपल्या पायांनी चालत येतात. वर लिहिलेल्या सातही मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का, एवढं लेखी उत्तर मला द्यावं. ते मी मराठीत करून दुकानाच्या दारावर लावीन.

आपला,
ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक दुकानदार,
तासगाव, जि. सांगली